शमीम सिस्टर आणि ढग

शमीम सिस्टरांचा ढगांवर फार राग होता आणि ढगांचं सिस्टरांवर फार प्रेम. त्यांनी तारे पाहायला म्हणून चटई उचलली की कुठल्या कुठून दोन-चार ढग धावत यायचे, सासरी आलेल्या पाहुण्यांसारखे, आणि बसून राहायचे. सिस्टर वर पाहायच्या आणि म्हणायच्या, "आले. यांच्या घरी कोणी वाट पाहाले नसन."

नागभीडपासून सात-आठ कोसांवरच्या एका गावात त्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स होत्या. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माझ्या ओळखीची माणसं आहेत आणि त्यांना वाचता येतं. मी तिथं प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. उपकेंद्राला लागून एक खोली भाड्याने मिळाली. गावात सिमेंटचं छत एवढ्या एकाच इमारतीला होतं, बाकी सगळी कौलं. कंत्राटदाराने छत घातलं आणि जिना घालायचा विसरला. उतार मात्र आठवणीने दिला, तोही चारी बाजूंनी मधे. त्यामुळे पावसाळ्यात मधोमध एक छोटं तळं व्हायचं. आयुष्यात मी पहिल्यांदा गुरू पाहिला तो त्या तळ्यात. सिस्टर म्हणाल्या, "वर पाहाची गरज नाई. सरकारनं खालीच आणून देल्लाय."

त्या छतावर आम्ही बांबूची शिडी लावून चढायचो. आम्ही म्हणजे सिस्टर, मी आणि अंगणवाडीच्या निर्मलाबाई. निर्मलाबाईंना ताऱ्यांचं काहीएक पडलेलं नव्हतं. घरात सासू घोरायची म्हणून त्या वर यायच्या आणि पाच मिनिटांत स्वतः घोरायला लागायच्या. सिस्टर त्यांना आमच्या मंडळाच्या अध्यक्ष म्हणायच्या, कारण अध्यक्षाला तेवढंच काम असतं.

माझी त्यात भरती कशी झाली तेही सांगण्यासारखं आहे. गावातल्या पहिल्याच आठवड्यात एका रात्री झोप येईना म्हणून मी दारात बसले होते. आईची आठवण येत होती, डोळे पुसत होते. वरून आवाज आला, "वो मास्तरीण, रडून राह्यली का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग वर ये. रडून राह्यली असशीन तरी वर ये. इथी अंधार आहे, दिसत नाई."

सिस्टर तेव्हा पंचावन्नच्या आसपास असाव्यात. बुटक्या, काळ्या, पांढऱ्या साडीची निऱ्यांची बाजू नेहमी घोट्याच्या वर, पायात रबरी बूट. माहेर सिरोंचाचं. घरी उर्दू, शेजाऱ्यांशी तेलुगू आणि नोकरीत आमच्याकडची झाडीची बोली, अशा तीन भाषांत त्यांना माणसाचा पाणउतारा करता यायचा. गोड बोलायला यांपैकी एकही भाषा वापरलेली मी ऐकली नाही. नवऱ्याचा विषय मी एकदाच काढला. त्या म्हणाल्या, "होता ना. त्याले वाटे मी रातच्यानं घराबाहेर जाऊ नये. मले वाटे कोणी तरी एकानं जावं. मंग तो गेला."

तारे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. तीस वर्षं रात्री-अपरात्री बाळंतपणं करून जंगलातल्या पायवाटेने परत येताना शिकल्या. "बाईले कळा रातीच येतात," त्या म्हणायच्या. "दिवसा तिले कामं असतात." बरोबर चालणाऱ्या गोंड सुईणींनी त्यांना सप्तर्षी दाखवले होते, पण त्यांच्या नावाने: चार तारे म्हणजे म्हातारीचं खाटलं आणि मागचे तीन म्हणजे ते खाटलं चोरायला निघालेले चोर. मी शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे वसिष्ठ-अरुंधती सांगायला लागले तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऋषी सात अन् बाई एकच का? बाकीच्या सहा कुठी गेल्या?" "पाणी भराले गेल्या असतीन," त्यांनीच सांगून टाकलं.

गावात वीज होती असं कागदोपत्री म्हणता येईल. संध्याकाळी लाइन जायची ती कधी यायची याचा भरवसा नसायचा. लोक वीज मंडळाला शिव्या द्यायचे. सिस्टर मात्र बाजू घ्यायच्या. "सरकारले ताऱ्यांचा भलताच नाद आहे. आपल्याले दिसावे म्हणून रोज तालुक्याचे दिवे घालवते. असं कोणत्या देशात करतात, सांग."

एकदा तालुक्याहून एक विज्ञान शिक्षक दुर्बीण घेऊन आले होते. आभाळ अर्थातच भरलेलं. त्यांनी तासभर दुर्बीण इकडेतिकडे फिरवली आणि शेवटी ढगांच्या खालच्या फटीत त्यांना एक तांबडा ठिपका सापडला. गावातली वीस-पंचवीस माणसं रांगेत उभी राहून तो मंगळ पाहून गेली. सिस्टरांची पाळी आली. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "गुरुजी, मंगळावर राइस मिल चालू झाली. पाळी सुटून राह्यली, पाहा." तो पलीकडच्या गावातल्या धानाच्या गिरणीवरचा दिवा होता. गुरुजी चहा न घेता गेले.

आमच्या चढण्याची गावात चर्चा होणारच होती. एक दिवस सरपंच तुळशीरामभाऊ दोन माणसं बरोबर घेऊन उपकेंद्रात आले. खुर्चीत बसले, खाकरले.

"सिस्टर, बायामाणसं रातच्यानं छतावर चढते. गावात चर्चा आहे."

"काय चर्चा आहे, भाऊ?"

"हेच का वर काय करता म्हणून."

"तारे पाहातो."

"तारे खालून दिसत नाई का?"

"दिसतात ना. पण खालून तुमी बी दिसता."

बरोबरची दोन माणसं छताकडे पाहायला लागली. तुळशीरामभाऊ काही तरी जोरदार बोलणार होते, तेवढ्यात सिस्टरांनी टेबलावरची वही ओढली. "बरं झालं आले. मंगळवारी नसबंदीचा कॅम्प आहे. मले टार्गेट आहे. तुमाले पाच पोरं झाले, तुमचं नाव लिहून टाकते." सरपंच उठले ते थेट रस्त्यावर. त्यानंतर वर्षभर ते उपकेंद्रासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायचे.

एवढं सांगितल्यावर वाटेल की सिस्टरांना कशाचंच काही वाटत नसे. मलाही तसंच वाटायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका नोव्हेंबरात पेपरात बातमी आली की सिंह राशीतून उल्कांचा पाऊस पडणार आहे, पहाटेच्या सुमाराला, आणि असा मोठा वर्षाव तेहतीस वर्षांनी एकदा होतो. पेपर नागभीडहून दुसऱ्या दिवशी यायचा. मी तो सिस्टरांना वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला लावला. मग म्हणाल्या, "तेहतीस वर्षांनी मी कबरीत राहीन. तिथून वरचं दिसत नाई म्हणतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. त्यांना रजा घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. ताप अंगात असतानाही त्या लस टोचायला जायच्या. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. "घरगुती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चटई धुऊन वाळत घातली, शिडीच्या दोन पायऱ्या स्वतः बांधून घेतल्या आणि ब्रह्मपुरीच्या बाजारातून लोकरीचं कानटोपरं आणलं. ते तपकिरी रंगाचं होतं आणि त्यात त्या अगदी रानमांजरासारख्या दिसत होत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही.

गावात मात्र बातमी वेगळ्या रूपाने पोचली होती. तारे तुटून पडणार, जग बुडणार. तुळशीरामभाऊ वर्षभराने पहिल्यांदा उपकेंद्राच्या पायरीवर आले आणि हळूच विचारलं, "सिस्टर, खरं आहे का हे?"

"जग बुडाचं असतं तर आधी सर्क्युलर आलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याजवळ तरी आलं नाई. ग्रामपंचायतीत पाहा."

त्या रात्री अख्खं गाव उपकेंद्राच्या अंगणात गोळा झालं. काही तारे पाहायला, काही भीतीने, काही घरी कोणीच उरलं नाही म्हणून. घोंगड्या, शेकोट्या, लेकरं, कुत्री. आणि दुपारपासून पूर्वेकडून जे पांढुरकं पटल चढत होतं त्याने दहा वाजेपर्यंत सगळं आभाळ झाकून टाकलं. गुरू गेला, तारे गेले, चंद्र तर आधीच मावळला होता. लोक सिस्टरांकडे असे पाहात होते जणू त्यांनीच ढग मागवले.

आम्ही तिघी छतावर होतो. निर्मलाबाई झोपल्या. मी वाट पाहात होते की सिस्टर आता काही तरी बोलतील, ढगांच्या आईबापाचा उद्धार करतील. त्यांनी मात्र कानटोपरं काढून मांडीवर ठेवलं आणि वर पाहात बसल्या. तास गेला, दीड तास गेला. वारा फिरला. ओल्या मातीचा वास आला, फार लांबून. सिस्टरांनी नाक वर केलं.

"मास्तरीण, हे ढग पाहाले नाई आले. हे पडाले आले."

मला कळलंच नाही. त्या शिडी उतरायला लागल्या. मग माझ्या लक्षात आलं. अर्ध्या गावाचा धान कापून बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, पडलेला होता. आमच्याकडे कापलेला धान तीन-चार दिवस तसाच पसरून वाळू देतात, त्याला कडपा म्हणतात. मग भारे बांधून त्यांचा पुंजणा रचतात. कडपा भिजली की दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, आणि वर्षभर खायचं काय हा प्रश्न उरतो.

खाली सिस्टर सरळ सरपंचांसमोर गेल्या. "भाऊ, तुमची किती कडपा पडली आहे?"

"चार एकराची आहे. काऊन?"

"उचला. पाणी येऊन राह्यलं."

तुळशीरामभाऊ हसले. "कार्तिकात पाणी येते का, सिस्टर?"

"त्याले माहीत नसन कार्तिक आहे म्हणून. त्याच्याजवळ पंचांग नाई."

लोक हसले, पण कोणी हललं नाही. शेकोट्या चांगल्या पेटल्या होत्या. एक म्हातारा म्हणाला, आता तारे पाहून जाऊ, धान कुठं पळून जातो. सिस्टरांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही. कंदील उचलला, साडी खोचली आणि गावाबाहेरच्या तळ्याच्या बाजूने चालायला लागल्या. तिकडे कविताची दीड एकर बांधी होती. कविता नऊ दिवसांची ओली बाळंतीण होती, सिस्टरांनीच सोडवलेली. तिचा नवरा घुग्घुसला कोळशाच्या खाणीवर कामाला. तिच्या धानाकडे पाहायला घरी एक अधू सासरा तेवढा होता.

मी मागे धावले. निर्मलाबाई छतावरून ओरडल्या की शिडी धरा, मग त्याही आल्या. आम्ही तिघींनी कडपा गोळा करून भारे बांधायला सुरुवात केली. मी मूळची चंद्रपूर शहरातली, माझ्या भाऱ्यातून अर्धा धान गळत होता. सिस्टर म्हणाल्या, "तू मुलाईले हिशोब शिकवतं का असाच? अर्धा हातात अन् अर्धा खाली?" थोड्या वेळाने बायका आल्या. दहा, पंधरा. बायका आल्या म्हटल्यावर त्यांचे नवरे लाजेने आले. कविताची बांधी उचलून झाली तशी सिस्टरांनी पुढच्या बांधीकडे कंदील दाखवला. आता सांगायची गरज उरली नव्हती. ज्याचा त्याचा धान आणि ज्याला माणसं नाहीत त्याचा सगळ्यांचा. पहाटे तीनच्या सुमाराला तळ्याकाठी सगळीकडे कंदील फिरत होते. सरपंचांच्या शेतावरही दहा-बारा माणसं गेली. तेव्हा तेही गेले.

चार वाजायला आले असतील. कोणी तरी म्हणालं, "ते पाहा." मी मान वर केली. पूर्वेला ढगांत एक फट पडली होती, घराच्या दारापेक्षा मोठी नसेल. त्या फटीतून एक रेघ ओढली गेली. मग दुसरी. मग दोन एकदम. आणि मग एक अशी आली की तळ्यातलं पाणी, माणसांची तोंडं, हातातले विळे, सगळं क्षणभर दिसलं. तिचा रंग हिरवा होता. ती विझल्यावरही आभाळात धुरासारखी एक रेघ राहिली. सगळे भारे खाली टाकून उभे होते.

मी सिस्टरांना शोधलं. डोक्यावर भारा घेऊन त्या बांधावरून चालत होत्या. ओंब्या चेहऱ्यावर लोंबलेल्या, पाय मातीने माखलेले. भारा पुंजण्यावर टाकून त्यांनी मान वर करेपर्यंत फट बुजली होती.

"किती पडले?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा."

"मोठा होता का?"

"एक होता. हिरवा."

"बरं झालं. गावाचं टार्गेट झालं," त्या म्हणाल्या. "माझं पुढच्या खेपेले पाहू." आणि पुढचा भारा उचलायला वाकल्या. पुढची खेप तेहतीस वर्षांनी होती, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

पाऊस उजाडता उजाडता आला. दोन तास पडला. सगळा धान काही वाचला नाही, पण पुष्कळ वाचला. सरपंचांचा निम्मा भिजला. तरी पुढच्या ग्रामसभेत त्यांनी सांगितलं की त्या रात्री आपणच गावाला वेळेवर उठवलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सिस्टर मागे बसल्या होत्या, त्याही वाजवत होत्या. मी रागाने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "वाजव वो. त्याचा अर्धा धान भिजला. तेवढं तरी कोरडं मिळू दे."

पावसाच्या त्या सकाळी मात्र त्या उपकेंद्राच्या ओट्यावर बसून पायाचा चिखल धूत होत्या. रजेचा दिवस होता. पाऊस थांबला होता. मी चहा नेला. त्यांनी कप हातात घेतला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "हिरवा म्हणजे कसा हिरवा?"

पोपटी म्हणावं तर तो रंग फार हलका. मी म्हटलं, "आषाढात धानाचे पऱ्हे उगवतात ना, तसा."

त्यांनी चहा प्यायला. "खोटी बोलून राह्यली तू. पण बरं वाटलं ऐकून." आणि तोंड फिरवून पुन्हा पाय धुवायला लागल्या, जे केव्हाच स्वच्छ झाले होते.

महिन्याभराने वरच्या कचेरीतून पत्र आलं. कोणी तरी तक्रार केली होती की उपकेंद्राच्या छताचा आरोग्येतर कामासाठी वापर होतो. कोणी केली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. खुलासा तीन दिवसांत द्यायचा होता. सिस्टरांनी सांगितला, मी सुवाच्य अक्षरात लिहिला: सदर इमारतीस जिना नाही, सबब छतावर जाणे शक्य नाही, सबब आम्ही गेलो नाही, जिना मंजूर झाल्यास तक्रारीची पुन्हा चौकशी व्हावी. कचेरीला हे पटलं. फाइल बंद झाली. जिना अर्थातच आला नाही.

दोन वर्षांनी सिस्टर निवृत्त झाल्या. शाल आणि नारळ सरपंचांच्याच हस्ते. भाषणात ते म्हणाले की सिस्टर म्हणजे गावाची माउली. सिस्टरांनी मान डोलावली आणि कॅम्पची वही त्यांच्या हातात ठेवली. "माउलीची एक इच्छा राह्यली, भाऊ. इथी सही करा." त्या सिरोंचाला भावाकडे गेल्या. मला त्यांचं एक पत्र आलं. त्यात भावाच्या बायकोबद्दल पंधरा ओळी होत्या आणि स्वतःबद्दल एक: गोदावरीच्या काठी आभाळ फार मोठं आहे आणि ढगही त्याच मापाचे आहेत.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, पत्रं लिहायची राहून गेली. त्यानंतर एका निवडणुकीला माझी ड्युटी सिरोंचा तालुक्यात लागली. मतदान आटोपून मतपेट्या घेऊन आम्ही जीपने परतत होतो, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या. वाटेत कुठेही थांबायचं नाही, उतरायचं नाही, अशी सक्त सूचना होती. अंधार पडला होता. गावाच्या टोकाला एका वळणावर जीपचा दिवा एका अंगणात शिरला.

अंगणात खाट होती. खाटेवर सिस्टर बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, आणि समोर दोन म्हाताऱ्या बायका जमिनीवर. आभाळ गच्च भरलेलं, एक तारा दिसत नव्हता. सिस्टरांचा हात वर होता. बोट ढगांकडे, आणि त्या बायकांना काही तरी समजावून सांगत होत्या, आणि बायका तिकडे पाहून माना हलवत होत्या. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू. तो म्हणाला, "मॅडम, नाई जमत."

दिव्याचा झोत सिस्टरांच्या डोळ्यांवर गेला. त्यांनी वरचा हात खाली आणून डोळ्यांवर आडवा धरला आणि जीपकडे पाहून काही तरी म्हणाल्या. तेलुगूत असावं. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण ओठांच्या हालचालीवरून ती शिवी होती, आणि बरीच लांब होती. आम्ही वळण पार करून गेलो तरी त्या थांबल्या नव्हत्या.